दोन पानांचा शोधनिबंध आणि त्याचे मोजमाप

बार्शीटाकळीहून अकोला-अमरावतीला एम.एस्सी., पीएच.डी. करणारी आपली मुले गावी आली की मार्गदर्शकाच्या नावाआधी त्यांचा 'एच-इंडेक्स' सांगतात. वडीलधाऱ्यांना त्यातले काही उमगत नाही, आणि खरे पाहता मुलांनाही ते पुरते उमगलेले नसते. म्हणून हा विषय आम्ही यंदाच्या स्मरणिकेत घेतला आहे.

एका संशोधकाच्या निबंधाचा दुसऱ्याने आपल्या निबंधात आधार म्हणून उल्लेख केला, की पहिल्याच्या खात्यावर एक 'सायटेशन' जमा होते. अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी ही कल्पना १९५५ साली मांडली आणि १९६४ पासून अशा उल्लेखांची सूची छापली जाऊ लागली. एच-इंडेक्स मात्र अलीकडचा, जॉर्ज हिर्श यांनी २००५ साली सुचविलेला. समजा, एखाद्याच्या पाच निबंधांना अनुक्रमे ४०, १२, ६, ४ आणि १ उल्लेख मिळाले. किमान चार उल्लेख असलेले निबंध चार, म्हणून त्याचा एच-इंडेक्स ४.

आता आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. डॉ. य. म. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांना मुंबईत अशा काही व्यक्ती आढळल्या, की ज्यांच्या रक्तजलात 'ओ' गटाच्या पेशीसुद्धा गोठून गुठळ्या होत. 'ओ' रक्त सर्वांना चालते, असे आपण शाळेत शिकलो, ते येथे खोटे ठरले. 'ए' आणि 'बी' हे पदार्थ ज्या 'एच' नावाच्या पायावर उभे राहतात, तो पायाच या माणसांत नव्हता. उलट त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे होती. मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. पाने अवघी दोन. लेखक सात : तिघे मुंबईचे, चौघे लंडनचे, आणि त्या चौघांत रूथ सँगर व विनिफ्रेड वॉटकिन्स या दोन विदुषी. जगाने या गटाला 'बॉम्बे रक्तगट' म्हटले.

एच-इंडेक्सच्या हिशेबात या एका निबंधाची किंमत फार तर एक! त्याला हजार उल्लेख मिळोत की दहा हजार, आकडा तोच. शिवाय शोध पाठ्यपुस्तकात गेला की मूळ निबंधाचा उल्लेख कोणी करीत नाही, केवळ 'बॉम्बे गट' एवढेच लिहितात. म्हणजे यश वाढते आणि मोजणी थांबते. बाबासाहेबांचा जातिसंस्थेवरील निबंध १९१६ साली कोलंबियात वाचला गेला आणि १९१७ साली 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला. उल्लेखांची सूची तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

आकडा निरुपयोगी आहे, असे आमचे म्हणणे नाही. पण आकड्याच्या मागे लागून काय होते, तेही पाहिले आहे. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापण्याची सक्ती होती, त्या काळात पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके देशभर फोफावली. गरीब घरच्या मुलांनी शिष्यवृत्तीचे पैसे त्यांत घातले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीत ही सक्ती काढली, तरी नोकरीच्या मुलाखतीत आकडा विचारला जातोच. केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले ते येथेही लागू पडते : कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासा. मार्गदर्शक निवडताना त्यांचे दोन निबंध स्वतः वाचा. त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे निबंधांत कुठल्या क्रमांकावर येतात, ते पाहा. उल्लेख दुसऱ्यांनी केले आहेत की त्यांनी स्वतःच, तेही बघा.

जाता जाता रक्तदानाविषयी. बॉम्बे गट मुंबईत साधारण दहा हजारांत एकाला असतो, आणि नात्यातल्या नात्यात लग्ने होतात तेथे त्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहेच. नुसत्या पेशी तपासल्या तर अशा माणसाच्या कार्डावर 'ओ' लिहिले जाते. त्याला 'ओ' रक्त दिले तर जीव जाऊ शकतो. त्याला केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते. रक्तजलाची 'ओ' पेशींशी उलट तपासणी केली, की ही चूक तेथेच पकडली जाते.