सातचा भोंगा आणि विद्यार्थ्याचे वेळापत्रक

परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्यांना वेळेचे नियोजन करण्याचा उपदेश सर्वत्र होऊ लागतो. वेळापत्रक आखले जाते, ते भिंतीवर चिकटविले जाते आणि आठवडाभरात ते मागे पडते. दोष विद्यार्थ्याच्या आळसावर टाकून मोठी माणसे मोकळी होतात. वस्तुतः ग्रामीण भागातील विद्यार्थ्याची संध्याकाळ त्याच्या एकट्याच्या हाती क्वचितच असते. घरात दूरदर्शन संच चालू असतो, ओसरीवर गप्पा रंगलेल्या असतात, मोबाईल हातोहात फिरत असतो. अशा घरात त्याने पाठ्यपुस्तक उघडले तरी लक्ष कोठे राहणार?

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने हा प्रश्न नेमका ओळखला. कोरोनाच्या साथीत शाळा बंद होत्या व शिक्षण मोबाईलवर आले. शाळा पुन्हा भरू लागल्या तरी मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना आणि वाचन-लेखनाची सवय मोडलेली शिक्षकांच्या ध्यानात आली. तेव्हा गावाने विचारविनिमय करून 15 ऑगस्ट 2022 पासून एक उपक्रम सुरू केला. सायंकाळी सात वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद व्हायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे. साडेआठ वाजता पुन्हा भोंगा झाला की ही मुदत संपायची.

प्रारंभी गावातील काही पुरुषांनी या कल्पनेची थट्टा केली. महिलांनी मात्र ती उचलून धरली. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि सेवानिवृत्त शिक्षक घरोघर जाऊन पालकांची समजूत घालू लागले. उपक्रमाचे खरे बळ या फेऱ्यांत होते. भोंगा केवळ वेळ सांगतो. संच बंद करणारा हात घरातलाच असावा लागतो.

दीड तास हा अवधी थोडा वाटेल. परंतु 15 ऑगस्टपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जवळजवळ दोनशे संध्याकाळी येतात, म्हणजे सुमारे तीनशे तास होतात. परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात रात्री जागवून एवढे तास मिळविणे कोणालाही शक्य नाही. शिवाय जागरणाने मिळविलेला तास आणि रोजचा तास यांचे मोल सारखे नसते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये दाखवून दिले, की पाठ केलेला मजकूर पहिल्या काही तासांत झपाट्याने विसरला जातो, आणि एकाच दिवशी केलेल्या घोकंपट्टीपेक्षा अनेक दिवसांत विभागलेली उजळणी अधिक टिकते. म्हणूनच नियमित वेळ महत्त्वाची.

त्या दीड तासात काय करावे, हे मात्र शिक्षकांनी शिकविले पाहिजे. पुस्तक पुढे धरून बसणे म्हणजे अभ्यास अशी अनेक मुलांची समजूत असते. धडा एकदा वाचावा, पुस्तक मिटावे आणि आठवेल तेवढे स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे. जे आठवले नाही तेवढ्यासाठीच पुस्तक पुन्हा उघडावे. अवघड वाटणारे गणित प्रथम घ्यावे, कारण शेवटच्या अर्ध्या तासात मन थकलेले असते. काल केलेल्या भागासाठी पहिली दहा मिनिटे राखावीत. शिक्षकांकडूनही एक खबरदारी हवी. गृहपाठ मोबाईलवर पाठविण्याची पद्धत आता रुळली आहे. तो सातनंतर पाठविला, तर बंद ठेवायचा मोबाईल शाळाच उघडायला लावते. शाळा सुटतानाच गृहपाठ वहीत उतरवून दिल्यास हा पेच उरत नाही.

आता एका अडचणीच्या बाबीचा विचार केला पाहिजे. सात ते साडेआठ ही वेळ बहुतेक घरांत चुलीची असते. भाऊ वही घेऊन बसतो आणि दहावीतली बहीण भाकरी थापायला आईच्या मदतीला जाते. तिच्यापुरता भोंगा व्यर्थ ठरतो. यावर यंत्र चालणार नाही. स्वयंपाक अर्धा तास अलीकडे आणावा लागेल किंवा घरातील पुरुषांना पाणी भरणे, जनावरांची वैरण, धाकट्यांना सांभाळणे अशी कामे अंगावर घ्यावी लागतील. श्रम आणि शिक्षण यांची सांगड अशक्य नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने विद्यार्थ्यांच्या श्रमाला शिक्षणात मानाचे स्थान दिले. मात्र तेथे श्रमाबरोबर अभ्यासाचाही विचार होता. घरकामात गुंतलेल्या मुलीच्या अभ्यासाची वेळ कोणी ठरविलेलीच नसते. महिला ग्रामसभेत हा विषय स्वतंत्रपणे घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

एकाच खोलीत सारे कुटुंब राहते अशा घरांतील मुलांसाठी शाळेचा एखादा वर्ग वा ग्रामपंचायतीचे सभागृह त्या वेळेपुरते उघडे ठेवता येईल. त्यासाठी खर्च फारसा नाही; दिवाबत्ती, एक किल्ली आणि ती सांभाळणारी जबाबदार व्यक्ती एवढे पुरे. मुली येणार असतील तर त्यांना घरी पोहोचविण्याची व्यवस्था आधीच ठरलेली हवी.

दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि त्याच सुमारास अनेक गावांत यात्रा व लग्नकार्ये असतात. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकास सामान्यतः मनाई आहे. त्याआधीच्या तासांसाठी परवानगी मिळू शकते आणि वराती नेमक्या त्याच वेळेत निघतात. परीक्षेच्या काळात वरात साडेआठनंतर निघावी किंवा वाजंत्रीविना निघावी, असा ठराव जानेवारीच्या ग्रामसभेतच झाला, तर तारखा धरण्यापूर्वी तो वधूवरांकडील मंडळींच्या कानी जाईल.