कराची–मुंबई : दीड तासाची वाट

कराची ते मुंबई हे हवाई अंतर साधारण ८८० किलोमीटर. मुंबईहून दिल्ली याहून लांब पडते. जेट विमानाला दीड तास पुरे. तरीही आज या दोन शहरांमध्ये एकही थेट विमान नाही, आणि असे काही पहिल्यांदाच घडलेले नाही.

१९२९ साली इम्पीरियल एअरवेजने लंडनहून टपाल आणायला सुरुवात केली, ती कराचीपर्यंतच. तिथून पुढे ते मुंबईला जायचे रेल्वेने. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, थेट १९३६ पर्यंत. कराचीतले नारायण जगन्नाथ हायस्कूल आजही एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाते. दोन्ही शहरांचा कारभार एक, आगबोटींची ये-जा नेहमीची. विमान तेवढे उरले होते.

ते आणले जे. आर. डी. टाटांनी. १५ ऑक्टोबर १९३२ला सकाळी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून त्यांचे एक इंजिनाचे पुस मॉथ विमान टपाल घेऊन उडाले, अहमदाबादला उतरले. तिथे पेट्रोलचे डबे आले बैलगाडीतून! दुपारी दोनच्या आत विमान जुहूला. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला. जुहूचा तळ म्हणजे समुद्रकाठची कच्ची जमीन. पावसाळ्यात तिथे पाणी साचायचे, म्हणून ते चार महिने सेवा पुण्याहून चालवली जायची. पुणेकरांनी हा मान फारसा मिरवलेला दिसत नाही, हे नवलच.

फाळणीनंतर दोन्ही शहरे दोन देशांत गेली, पण विमाने चालूच राहिली. त्यांना खीळ बसली ती १९६५च्या युद्धाने. पुढे १९७१च्या जानेवारीत ‘गंगा’ नावाचे भारतीय विमान पळवून लाहोरला नेले गेले, आणि नंतर तिथेच जाळले गेले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. डिसेंबरात युद्धच झाले. विमाने पुन्हा सुरू व्हायला १९७६ उजाडले. १९८२ साली ७८ वर्षांच्या जेआरडींनी पन्नास वर्षांपूर्वीचे तेच उड्डाण लेपर्ड मॉथमधून पुन्हा केले, कराचीहूनच. संसदेवरील हल्ल्यानंतर जानेवारी २००२ ते जानेवारी २००४ पुन्हा दोन वर्षे आकाश बंद.

आपण या सगळ्याचे खापर युद्धांवर फोडतो. मला त्याहून घातक वाटतो तो १९९४ सालचा निर्णय. त्या वर्षी कराचीतला भारताचा वाणिज्य दूतावास बंद झाला. मग कराचीकराला मुंबईतल्या नातेवाइकाकडे यायचे तर व्हिसासाठी आधी इस्लामाबादचे दार ठोठावावे लागे. लढाई संपली की विमाने परतायची. पण व्हिसाच मिळेना, तर त्यांत बसणार कोण? नंतरच्या काळात आठवड्याच्या मोजक्याच फेऱ्या उरल्या, आणि त्याही थांबल्या.

एप्रिल २०२५मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आकाश बंद केले. हा मार्ग त्याआधीच ओस पडला होता. आता ज्याच्याकडे व्हिसा आहे, तो बहुतेक करून दुबईमार्गे जातो : कराचीहून पश्चिमेला सुमारे १,२०० किलोमीटर, मग उलट फिरून मुंबईपर्यंत आणखी १,९००. नुसते हवेतच पाच तास, आणि दुबईतले ताटकळणे वेगळे.