चहाचा सुगंध आणि पाण्याचे उष्णतामान

चहा उकळू लागला की त्याचा वास घरभर दरवळतो. हा दरवळ सुखद खरा. परंतु पेल्यात यावयाचा सुगंधच त्या रूपाने हवेत निघून जात असतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

काळ्या चहाच्या सुगंधात शेकडो द्रव्यांचा वाटा असतो. त्यांपैकी लिनॅलूल जाईच्या फुलांतही आढळते. जिरॅनिऑल गुलाबात व खानदेशात मिळणाऱ्या रोशा गवताच्या तेलात असते. मिथिल सॅलिसिलेटचा वास अंगदुखीवरील मलमांमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. ताज्या पानात यांपैकी बरीचशी द्रव्ये शर्करेशी बांधलेली असतात. पाने मलूल करून मळली की पेशी फुटतात, विकर नावाची प्रथिने ते बंध तोडतात आणि गंध मोकळा होतो. पाण्याने हा तयार गंध पत्तीतून बाहेर आणावयाचा, इतकेच काम उरते.

लिनॅलूलचा उत्कलनबिंदू सुमारे १९८ अंश सेंटिग्रेड आहे. मग १०० अंशांच्या पाण्यातून ते उडते कसे? वाफ त्याला आपल्याबरोबर वाहून नेते. कनौजचे अत्तरवाले याच गुणधर्मावर आपला व्यवसाय चालवितात. मात्र ते वाफ थंड करून तिच्यातील गंध साठवून ठेवतात.

पाणी ६० अंशांचे असेल तर अर्क सावकाश व फिका उतरतो, आणि त्यात विरघळलेला गंधही नाकापर्यंत फारसा पोचत नाही. उकळते पाणी ओतल्यास गंध त्वरेने उतरतो. पण पत्ती चुलीवर उकळतच ठेवली, तर तो वाफेबरोबर जातो आणि तुरट द्रव्ये मात्र पाण्यात वाढत राहतात. म्हणून चहाच्या परीक्षणासाठी १९८० साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत दर १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यास २ ग्रॅम पत्ती घेऊन भांडे ६ मिनिटे झाकून ठेवतात. सुगंधासाठी नावाजलेल्या दार्जिलिंग शहरात, सुमारे २,००० मीटर उंचीवर, पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते. तेथील चहाला त्याहून अधिक उष्णता मिळतच नाही.

याचा अर्थ दूध घालून चहा उकळणे हे अडाणीपण आहे, असा मात्र नव्हे. आसामात १९३० च्या सुमारास निघालेल्या सीटीसी यंत्राची दाणेदार पत्ती रंग व कडकपणा यांसाठीच घेतली जाते, आणि तो कडकपणा दुधालाही पुरून उरतो. तिच्यातून गेलेल्या गंधाची उणीव आले व वेलदोडा भरून काढतात. वेलदोड्याचा गंधही वाफेबरोबर उडणाराच. त्यामुळे तो अगदी शेवटी कुटून टाकावा व लगेच झाकण ठेवावे.