पोर डोक्यानं कमी आहे, हे कोण ठरवणार?



मेडशीला गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "नातू आठ वर्षांचा झाला, अजून पैसे मोजता येत नाहीत. शेजारीण म्हणते, डोक्यानं कमी आहे. खरं कसं कळायचं?" 

शेजारणीच्या म्हणण्यावरून तर नाहीच. त्यासाठी बुद्धिमापन चाचणी असते. पहिली चाचणी फ्रान्समध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने यांनी एका सहकाऱ्यासोबत केली, तीही शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत मिळावी म्हणून. १९१६ साली अमेरिकेत ती सुधारली गेली. पण तिकडचे प्रश्न इकडच्या लेकराला विचारले तर ते गप्पच बसणार ना! मग चूक पोराची की प्रश्नाची?

हे ओळखलं व्ही. व्ही. कामत या मानसशास्त्रज्ञांनी. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी चाचणी नव्यानं बेतली. १९३४ साली त्यावरचा त्यांचा लेख इंग्लंडच्या नियतकालिकात छापून आला, १९४० साली पुस्तक निघालं. 'बिने-कामत चाचणी' आजही आपल्याकडे वापरात आहे.

यात प्रत्येक वयाची कामं ठरलेली असतात: ऐकलेले अंक परत म्हणणं, आकृती पाहून काढणं, दोन वस्तूंतला फरक सांगणं. समजा, आठ वर्षांच्या मुलाला सहा वर्षांपर्यंतचीच कामं जमली, तर सहाला आठनं भागून शंभरनं गुणायचं. आले ७५. सर्वसाधारण मुलाचा आकडा शंभराच्या आसपास येतो.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. मला तर पोर कुठे अडलं, हे जास्त मोलाचं वाटतं. बोलणं चांगलं पण लक्षात राहत नाही, की आठवण पक्की पण आकृती जमत नाही? मेंदूज्वर किंवा डोक्याला मार लागून गेलेल्या मुलात अशा खुणांवरून पुढच्या तपासणीची दिशा मिळते. शिवाय चाचणी जुनी आहे, म्हणून जाणकार इतर चाचण्याही घेतात, आणि मूल घरी जेवण, कपडे, खेळ स्वतः सांभाळतं का, तेही विचारतात.

त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. ऐकूच येत नसेल तर पोर उत्तर काय देणार?

तपासणीचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्यांना शंका मोकळेपणानं सांगा, ते पुढे जिल्ह्याला पाठवतात. जाताना पोराला पोटभर खाऊ घाला, झोप झालेली असू द्या. आणि आदल्या रात्री उत्तरं घोकून घेऊ नका बरं का!