लाकडात जडली तार : कारागिरांसाठी दागिन्यांची वाट

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार पाण्यासाठी देशभर गाजले. १९९० च्या दशकात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने या गावाने पाणी अडवले, त्याचबरोबर कुऱ्हाडबंदीही पाळली. अशी गावे वाढावीत असेच सर्वांना वाटते. मग लाकडावर ज्यांचे पोट आहे त्यांनी काय करावे? याचे एक उत्तर म्हणजे लाकूड कमी वापरावे आणि हुन्नर जास्त विकावा. लाकूड व धातू मिळून घडवलेला दागिना हा त्याचाच मार्ग आहे. पलंगाला मोठा ओंडका लागतो, तर कर्णफुलांच्या जोडीला कारखान्यातला टाकाऊ तुकडाही पुरतो.

हे काम आपल्या देशाला नवे नाही. उत्तर प्रदेशातील मैनपुरीची ‘तारकशी’ म्हणजे शिसमाच्या लाकडात पितळेची तार बसवण्याची कला. पूर्वी ती खडावांवर होत असे. एकोणिसाव्या शतकात एफ. एस. ग्राउस या इंग्रज अधिकाऱ्याने तिला उत्तेजन दिले. २०२३ मध्ये मैनपुरी तारकशीला भौगोलिक मानांकन मिळाले. तुर्कस्तानातही लाकडी तसबीहच्या मण्यांत चांदी जडवतात.

काम असे चालते. पक्क्या वाळलेल्या लाकडावर नक्षी आखतात. बारीक पटाशीने चर पाडतात. तापवून नरम केलेली चपटी तार त्यात उभी धरून हलक्या हातोडीने ठोकतात. मग कानस, पॉलिश पेपर आणि शेवटी पॉलिश. येथे घाई करणारा फसतो. लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आक्रसते, धातू मात्र तसा हलत नाही. ओल्या लाकडात बसवलेली तार काही महिन्यांत सुटते आणि गिऱ्हाईकही सुटते. कानात जाणारी तार चांदीची असावी. निकेलच्या तारेने अनेकांच्या कातडीला खाज सुटते.

परदेशी माल पाठवणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावरील ‘साइटिस’ करारात शिसमाची संपूर्ण जात जानेवारी २०१७ पासून आली. परवान्याच्या अटीमुळे शिसमाच्या मालाची निर्यात वर्षाला सुमारे १००० कोटी रुपयांवरून ५०० ते ६०० कोटींवर घसरली आणि सुमारे ५० हजार कारागिरांच्या रोजीवर परिणाम झाला, असे केंद्र सरकारने सांगितले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत दिलासा मिळाला. नगामागे लाकूड १० किलोपेक्षा कमी असेल, तर एका खेपेत कितीही नग परवान्याशिवाय पाठवता येतात. वजन फक्त लाकडाचे धरायचे, धातूचे नाही. दागिन्यात तर लाकूड काही ग्रॅमच असते!

मात्र ही सवलत उत्तरेकडील शिसू या झाडाची आहे. आपल्याकडचा काळसर शिसव हे वेगळे झाड आहे. बाजारात दोघांनाही शिसम म्हणतात, पण कागदावर एकाचे नाव दुसऱ्याला चालत नाही. म्हणून वखारवाल्याकडून झाडाचे नाव लिहिलेली पक्की पावती घ्यावी व जपून ठेवावी. माल रवाना करण्यापूर्वी हस्तकला निर्यात परिषदेकडे चालू नियमांची चौकशी करावी. बाभूळ किंवा कडुनिंब वापरला तर शिसमाचा हा प्रश्नच येत नाही.

आपल्या राज्यात हुपरीला चांदीचे आणि सावंतवाडीला लाकडाचे हात आहेत. दोन्ही हुन्नर एका माणसाकडे असण्याची गरज नाही. एक सुतार व एक धातू कारागीर यांनी भागीदारी करावी, हिस्से आधीच लिहून ठेवावेत आणि दहा-वीस नमुन्यांपासून सुरुवात करावी. चांदी असेल तेथे चांदी आणि मुलामा असेल तेथे मुलामा असे स्पष्ट सांगून विकावे. लहान मालाच्या धंद्यात कारागिराची खरी पुंजी म्हणजे त्याचा शब्द.