सगळ्यात नवखा चालक, सगळ्यात जुनी गाडी

घरात मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली, लायसन्स हातात आले, की गाडीचा विषय निघतो. बहुतेक घरांत तो एकाच वाक्यावर मिटतो: हात बसेपर्यंत जुनी गाडी चालवू दे, घासली-ठोकली तरी जिवाला लागणार नाही. मग दोन वर्षांपूर्वी घेतलेली चांगली गाडी आईवडिलांकडे राहते आणि बारा-पंधरा वर्षे वापरलेली छोटी हॅचबॅक, किंवा ओळखीच्या एजंटाने स्वस्तात मिळवून दिलेली तशीच एखादी, कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला येते. या हिशेबात बंपर आणि रंगाची किंमत धरलेली असते, मुलाच्या छातीची आणि मानेची धरलेली नसते. माझे म्हणणे सरळ आहे. घरात ज्याला सर्वांत कमी अनुभव, त्याच्या हाती घरातली सर्वांत सुरक्षित गाडी असायला हवी. आणि नवी घ्यायची वेळ आली, तर मायलेज, स्क्रीन आणि सनरूफ यांच्या आधी अपघात झाल्यावर त्या गाडीत माणूस वाचतो का, हे बघायला हवे.

नवख्या चालकाचे निम्मे लक्ष क्लच, गिअर आणि आरशांतच अडकलेले असते. नजर बॉनेटच्या थोडी पुढे खिळलेली असते. थांब्यावर उभ्या एसटीच्या पुढून कोणी अचानक रस्ता ओलांडायला निघेल, ही शंका त्याला वेळेवर येत नाही, कारण ती अनुभवानेच येते आणि तो अनुभव गोळा करण्याचा काळच सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून न्यूझीलंडने १९८७ मध्ये परवाना टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत आणली. पुढे अनेक देशांनी ती उचलली. सुरुवातीच्या काळात रात्री एकट्याने गाडी चालवणे किंवा मित्रांना बसवणे यांवर त्यात बंधने असतात. आपल्याकडे असे मधले टप्पे नाहीत. शिकाऊ परवाना मिळून ३० दिवस झाले की चाचणी देता येते. ती पास झालेल्या मुलाने पक्का परवाना हाती पडताच, रात्री चार मित्रांना घेऊन एक्स्प्रेसवेने लोणावळा गाठायला कायद्याची आडकाठी नाही. ही भीती कल्पनेतली नाही. अमेरिकेत एएए फाउंडेशनने २०१२ मध्ये १६-१७ वर्षांच्या चालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाडीत एकवीसच्या आतला एक सोबती असेल तर चालकाच्या मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी वाढतो, दोन असतील तर दुप्पट होतो, तिघे किंवा अधिक असतील तर चौपट, असे त्यात दिसले. आपल्याकडे परवान्याची व्यवस्था जे सांभाळत नाही, ते घरच्यांना आणि गाडीला सांभाळावे लागते.

मग सुरक्षित गाडी ओळखायची कशी? आपली जुनी रीत म्हणजे दारावर बोटांनी टकटक करून ‘पत्रा जाड आहे’ असा निकाल देणे. बाहेरचा पत्रा मुख्यतः आकार देण्यासाठी असतो. धडक सोसतो तो आतला सांगाडा: पुढचे भाग ठरलेल्या पद्धतीने चुरगळत जातात, धक्क्याचा जोर खातात आणि माणसे बसतात तो भाग शाबूत राहतो. तो कितपत शाबूत राहतो, हे गाडी प्रत्यक्ष आदळूनच कळते. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांचे निकाल २०१४ च्या सुरुवातीला जाहीर केले. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवागन पोलो, या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यातली पोलोची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. तिचा सांगाडा धडकेत स्थिर राहिला होता. तरीही शून्य, कारण त्या मॉडेलमध्ये एअरबॅग नव्हत्या. त्याच पोलोला पुढच्या दोन एअरबॅगसह चार तारे मिळाले. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, रेनॉ क्विडने याची उलटी बाजू दाखवली. चालकाच्या बाजूची एअरबॅग असलेले मॉडेलही शून्यावर राहिले. मजबूत सांगाडा आणि एअरबॅग या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात, हे या दोन चाचण्यांनी दाखवले. जाहिरातीत एअरबॅगांची संख्या मोठ्या अक्षरांत असते. सांगाडा ‘स्थिर’ ठरला की ‘अस्थिर’, हा शब्द मात्र चाचणीच्या अहवालातच सापडतो. तो आधी वाचावा.

चित्र त्यानंतर बरेच बदलले. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली. २०२० मध्ये अल्ट्रोझला पाच आणि टियागोला चार तारे मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून आपला स्वतःचा ‘भारत एनकॅप’ हा कार्यक्रमही सुरू आहे. पण तारे मोजताना साल बघायला हवे. ग्लोबल एनकॅपने २०२२ च्या मध्यात आपले नियम कडक केले. त्याआधी प्रौढांसाठीचे तारे मुख्यतः समोरच्या धडकेवर ठरत. त्यानंतर बाजूची धडक, पादचाऱ्यांची सुरक्षा आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी, यांचाही विचार होऊ लागला. म्हणून २०२० चे चार तारे आणि २०२४ चे चार तारे एकाच मापाचे नाहीत. शिवाय ही समोरची चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने होते. ताशी १०० च्या वेगात गाडीत साठलेली ऊर्जा ६४ च्या जवळजवळ अडीच पट असते. पाच तारे पाहून निर्धास्त होणाऱ्या मुलाला हे गणित समजावून सांगायला हवे. भौतिकशास्त्र त्याने नुकतेच शिकलेले असते.

ईएससीवर जरा थांबायला हवे, कारण नवख्या हातासाठी एअरबॅगच्या खालोखाल मोलाची गोष्ट हीच. पावसाने ओल्या वळणावर गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला पुन्हा मार्गावर आणते. अनुभवी चालकालाही हे पायाने साधत नाही, कारण त्याच्याकडे चारही चाकांसाठी एकच पॅडल असते. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या, म्हणजे आयआयएचएसच्या, अभ्यासानुसार ईएससीमुळे एकच वाहन गुंतलेले जीवघेणे अपघात जवळपास निम्म्याने घटतात. वेगाचा अंदाज चुकून वळणावर ताबा सुटणे हा नवख्यांचा नेहमीचा अपघात, आणि ताम्हिणी किंवा आंबोलीचा घाट पावसाळ्यात नेमकी हीच परीक्षा घेतो.

पैशांचा आक्षेप सर्वांत खरा आहे. नवी पंचतारांकित गाडी प्रत्येक घराला परवडत नाही, आणि म्हणूनच जुन्या बाजारात साल ओळखता आले पाहिजे. आपले सुरक्षेचे नियम टप्प्याटप्प्याने आले. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांत सक्तीचे झाले. चालकाची एअरबॅग, सीट बेल्टची आठवण देणारा गजर आणि वेगाचा इशारा जुलै २०१९ पासून आले. जुन्या मॉडेलांनाही समोरून आणि बाजूने धडकेची किमान चाचणी पास होणे ऑक्टोबर २०१९ पासून बंधनकारक झाले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. हा प्रदूषणाचा नियम असला तरी ग्राहकाला तो खूण म्हणून उपयोगी पडतो, कारण गाडी बीएस-६ म्हणूनच एप्रिल २०२० नंतर बनली असेल तर आधीचे सगळे सुरक्षा नियम तिला लागू झालेले असतात. पुढच्या सीटवरच्या प्रवाशाची एअरबॅग सर्व मॉडेलांत यायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. म्हणजे दहा-बारा वर्षांची गाडी आणि २०२२ ची गाडी यांच्यातला फरक रंग आणि इंजिनापुरता राहत नाही. हातात तेवढेच पैसे असतील तर बड्या नावाच्या जुन्या सेडानपेक्षा किंवा नव्या गाडीच्या सर्वांत खालच्या मॉडेलपेक्षा, चांगल्या निकालाची आणि शक्य झाल्यास ईएससी असलेली दोन-चार वर्षे वापरलेली साधी हॅचबॅक मी निवडेन. तीही न जमल्यास घरातल्या दोन गाड्यांची अदलाबदल करावी. त्याला पैसा लागत नाही. वडिलांनी ऑफिसला जुनी गाडी न्यावी.

दुसरा आक्षेप जाणती माणसे घेतात: गाडीपेक्षा चालवणारा महत्त्वाचा. हे खरेच आहे. पण समोरून चुकीच्या बाजूने येणारा ट्रॅक्टर किंवा रात्री दिव्यांशिवाय उभा असलेला ट्रक उत्तम चालकालाही गाठू शकतो, आणि नवख्याला तर कौशल्य यायला अजून अवधी असतो. तोवर त्याच्याकडे गाडीच असते. याहून टोकदार आक्षेप असा, की सुरक्षित गाडी दिली तर मूल बेफिकीर होईल. यात तथ्य आहे. १९८० च्या दशकात म्युनिकमध्ये एबीएस असलेल्या आणि नसलेल्या टॅक्सींची तुलना झाली, तेव्हा एबीएसवाल्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नव्हते, कारण काही चालक अधिक धसमुसळेपणाने चालवू लागले होते. मात्र एबीएस ब्रेकच्या पॅडलवर जाणवते. सांगाड्याची ताकद स्टिअरिंगवर जाणवत नाही, त्यामुळे ती कोणाला मोहात पाडत नाही. आणि ईएससीचे जे आकडे वर दिले, ते रस्त्यावरच्या खऱ्या चालकांचे आहेत. त्यांच्या बेफिकिरीचा हिशेब त्यांत आधीच आलेला आहे.

बेफिकिरी खरी दिसते ती सीट बेल्टच्या बाबतीत. २०२२ मध्ये देशात सीट बेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात आहे, आणि त्यांतले जवळपास निम्मे, म्हणजे ८,३३१, प्रवासी होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. महागडी, पंचतारांकित मानांकनाची ती गाडी होती. पुढचे दोघे वाचले. बेल्ट न लावता मागे बसलेले दोघे गेले. तरीही गजर बंद पाडणाऱ्या क्लिप सर्रास विकल्या जात होत्या. शेवटी मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्रेत्यांना त्या काढायला लावावे लागले. मुलाच्या गाडीत अशी क्लिप दिसली तर चावी परत घ्यावी, इतका हा विषय गंभीर आहे.

मग सर्वांत मोठी एसयूव्हीच का देऊ नये? मोठ्या वजनाचा आत बसलेल्यांना फायदा होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, बॉनेटसमोरचे लहान मूल दिसत नाही, आणि पेठेतल्या गल्लीत ती सांभाळणे नवख्याला जड जाते. शिवाय तिचे वजन समोरच्या स्कूटरवाल्यावर येऊन पडते. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर मेलेल्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. आयआयएचएसचा किशोरांसाठीचा सल्लाही मध्यम मार्गाचा आहे: सर्वांत लहान गाड्या टाळा, आणि अति ताकदीच्याही टाळा. आपल्याकडे १.२ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन पहिल्या गाडीला पुरेसे आहे. टर्बोची ओढ दोन वर्षांनी भागवता येईल. शहरापुरत्या वापराला बीएस-६ डिझेल घेऊ नये. त्याचा धुराचा फिल्टर साफ राहायला लांबच्या फेऱ्या लागतात, आणि घाटात बंद पडलेली गाडी हाही धोकाच असतो. विश्वासार्हता सुरक्षिततेहून वेगळी काढता येत नाही, म्हणून तालुक्याच्या गावीही जिचे सुटे भाग आणि मेकॅनिक मिळतात तीच गाडी बरी.

जुनी गाडी घेताना काही खुणा स्वतः तपासता येतात. चावी फिरवताच एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर एकदा फुटलेली एअरबॅग न बदलता दिवा काढून टाकलेला असू शकतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या किंवा २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात गाडी गेली असेल, तर पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ आणि सीटखाली रुळांवर गंज सापडतो. टायरवरच्या चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. विक्रेत्याच्या विमा पॉलिसीवर ५० टक्के नो क्लेम बोनस असेल तर त्याने सलग पाच वर्षे क्लेम केलेला नाही. पाच वर्षांच्या गाडीवर तो शून्य दिसला तर क्लेम कशाचा होता, हे विचारावे. रोख पैसे देऊन केलेली दुरुस्ती मात्र यात दिसत नाही, तेव्हा सर्व्हिस सेंटरची नोंदही मागावी.

गाडी दारात आल्यावर घरच्या हौसेने तिची सुरक्षा घालवू नये. सीटच्या कडेला एअरबॅग असतील तर बाजारातले घट्ट लेदर कव्हर त्यांची वाट अडवते, आणि पुढे बसवलेला लोखंडी बुलगार्ड धक्क्याचा जोर खाणाऱ्या भागांचे काम बिघडवतो. त्यावर २०१७ पासून मनाईही आहे. मग एखाद्या रिकाम्या मैदानात मुलाला एबीएस अनुभवू द्यावे. पूर्ण ब्रेक दाबल्यावर पॅडल पायाखाली थरथरते आणि नवखा माणूस घाबरून पाय उचलतो. तो पाय तसाच दाबून ठेवत गाडी वळवायला दोन-तीन रविवार सरावाला द्यावे लागतील.