पायात गेलेली हवा

डोक्यात हवा गेलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवीत असल्यामुळे स्टाफरूममध्ये ती रोज भेटतात, आणि अधूनमधून आरशातही एखादे दिसते. परंतु पायात हवा गेलेले माणूस मी गेल्या वर्षीच्या मे महिन्यात प्रथमच पाहिले. ते माणूस म्हणजे माझी सख्खी भाची. आणि तिच्या पायात ती हवा जाण्यास थोडाफार मीच कारण झालो. म्हणून ही हकिकत सांगावयाची.

भाची इंग्लंडात लेस्टर येथे नोकरी करते. ताई आणि दाजी दोघेही नोकरीवाले. त्यामुळे तिचे लहानपण बरेचसे आमच्या घरी, कोल्हापुरात गेले. "मामा, एकदा या तरी!" असा तिचा तीन वर्षे तगादा होता. शेवटी उन्हाळ्याच्या सुटीत निघालो. बरोबर दोन जोड कोल्हापुरी चपला घेतल्या आणि विमानात बसलो.

तेथे गेल्यावर कळले की बाईसाहेबांना पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याच्या तळाशी जाण्याचा नाद लागला आहे. या विद्येचा श्रीगणेशा तिने मालवणजवळ तारकर्लीला केला होता. पण कोकणचा समुद्र वेगळा आणि इंग्लंडचे पाणी वेगळे. लेस्टरच्या आसपास दगडाच्या जुन्या खाणी आहेत. काही खाणींत काम बंद झाल्यावर पाणी साचले आणि खोल तळी तयार झाली. हौशी मंडळी तेथे सराव करतात. मे महिना असूनही पाणी जेमतेम दहा अंशांचे! मी काठावरून एक बोट बुडविले आणि ते तत्काळ खिशात घातले.

अशा पाण्यासाठी जो पोशाख लागतो त्याला ड्रायसूट म्हणतात. उबदार समुद्रात जो रबरी पोशाख घालतात त्यात थोडे पाणी शिरते आणि ते अंगाच्या उबेने कोमट होते. ड्रायसूटमध्ये पाणी शिरतच नाही. गळ्याशी आणि मनगटांशी रबराच्या घट्ट पट्ट्या असतात, आत लोकरीसारखे जाड कपडे घालतात आणि मधे हवेचा थर राहतो. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ती हवेच्या सुमारे २५ पट असते. तेव्हा अंगाभोवतीची ती हवा म्हणजे खरी रजई. खोल जावे तसा पाण्याचा दाब वाढतो आणि ही रजई आक्रसते. म्हणून छातीवरच्या झडपेतून टाकीतली हवा आत घ्यावयाची, आणि वर येताना दंडावरच्या दुसऱ्या झडपेतून ती बाहेर सोडावयाची. अशी ही व्यवस्था. पुष्कळ ड्रायसूटांना बूट कायमचे चिकटविलेले असतात, आणि सगळी भानगड तेथेच होते.

त्या दिवशी भाचीने पोशाख भाड्याने घेतला होता. उंचीला तो बेताचा होता, पण त्याचे बूट दोन नंबरांनी मोठे. शिकविणारे गृहस्थ साठीच्या घरातले, अबोल. त्यांनी तिला दोनदा विचारले, "बूट ठीक आहेत ना?" ती जरा घुटमळली. मागे चार माणसे खोळंबली होती. तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी अगदी सहज मराठीत म्हणालो, "अगं, तासाभराचा तर प्रश्न! चालवून घे."

तिने चालवून घेतले.

पुढचे मी काठावरून पाहिले. पाण्यावर बुडबुडे येत होते. मी थर्मासमधला चहा ओतून घेत होतो. इतक्यात पाणी खळबळले आणि डोके वर येण्याऐवजी दोन काळे पाय वर आले. पाय कसले, टम्म फुगलेल्या पुऱ्याच त्या! एका पायातले पोहण्याचे पंख, ज्याला फिन म्हणतात, ते निघून गेले होते. क्षणभर मला हसू आले, हे कबूल करतो. दुसऱ्या क्षणी लक्षात आले की पाय वर आहेत त्या अर्थी डोके खाली आहे, आणि हातातला चहा सांडला.

शिक्षक तिच्या मागोमागच वर आले. त्यांनी तिला धरून सरळ केले, काठाशी आणले. तिला काही झाले नव्हते. फक्त चेहरा पांढराफटक पडला होता आणि दात वाजत होते.

काय झाले ते नंतर कळले. सहा-सात मीटर खोलीवर तळाशी काहीतरी पाहण्यासाठी ती डोके खाली करून वाकली. हवेचा धर्म वर जाण्याचा. पाय वर होताच पोशाखातली हवा पायांकडे धावली. बूट ऐसपैस असल्यामुळे तिला तेथे हवी तेवढी जागा मिळाली. बूट फुगले, आणि टाच बुटातून निसटून पाय वर पोटरीच्या नळीत आला. रिकाम्या बुटावरचे फिन गळून पडले. आता पाय मारून सरळ व्हावे, तर पाय बुटातच नाहीत! हवा सोडावी, तर झडप दंडावर, म्हणजे हवेच्या खाली. जसजसे वर यावे तसतसा दाब कमी होतो, हवा आणखी फुगते आणि माणूस आणखी वेगाने वर जातो. दहा मीटरांवरून पृष्ठभागावर येईपर्यंत हवेचे आकारमान दुप्पट होते. हाच हिशेब फुप्फुसांतल्या हवेलाही लागू. घाबरून श्वास रोखला असता, तर तेवढ्या उंचीतही फुप्फुसाला इजा झाली असती. तारकर्लीला पहिल्या दिवशी घोकून घेतलेला धडा, श्वास कधी रोखायचा नाही, हा तिच्या कामी आला.

हे संकट नवे नाही. ऑगस्ट सीबे या लंडनवासी जर्मन कारागिराने एकोणिसाव्या शतकात तांब्याच्या शिरस्त्राणाचा बंद पोशाख तयार केला. १८४० च्या सुमारास पोर्ट्समथजवळ बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेवर काम करणारे पाणबुडे तशाच पोशाखात उतरत. या जातीच्या पोशाखाबरोबर जे बूट वापरीत त्यांचे तळ शिशाचे असत. एकेका बुटाचे वजन सात-आठ किलो! पाय तळाशी राहावेत आणि माणूस उभाच्या उभा राहावा, हा त्यातला हेतू. कारण पायांत हवा शिरली की शिसे लावलेला माणूसही उलटा होई. आजच्या पोहणाऱ्या पाणबुड्याला शिशाचे बूट चालत नाहीत. त्याचे शिसे म्हणजे नीट बसणारा बूट!

त्या रात्री मला झोप लागली नाही. 'चालवून घे' हे दोन शब्द कानात घुमत होते. मी मराठीचा प्राध्यापक. पण हा शब्दप्रयोग पायाच्या किती जवळचा आहे, हे मला तोवर सुचले नव्हते. दर जूनमध्ये शाळेचे बूट घेताना आमच्या घरी एकच नियम असे: वाढत्या पायाचा बूट एक नंबर मोठा घ्यावयाचा आणि पुढे कापूस कोंबावयाचा. भाची म्हणे, "मामा, टाच निघते." आणि मी म्हणे, "चालवून घे, दिवाळीपर्यंत बसेल." पोरगी दिवाळीपर्यंत पाय ओढत शाळेत जाई. पुढे ती इतकी शहाणी झाली की तक्रार करणेच तिने सोडून दिले. त्या खाणीच्या काठी दोनदा विचारूनही ती बोलली नाही, याचे मूळ माझ्या त्या कापसात होते.

सकाळी मी तिला म्हणालो, "चल, बूट घेऊ. पैसे माझे." ती म्हणाली, "मामा, तुम्हाला त्यातलं काय कळतं?" मी म्हणालो, "काही नाही. म्हणून घाई करणार नाही."

पहिल्या दुकानात तिने आदल्या दिवसाच्या भीतीने अगदी घट्ट बूट निवडला. जाड मोजा घालून दहा मिनिटे बसल्यावर तिची बोटे बधिर झाली. म्हणजे घट्ट हाही इलाज नव्हे. बोटे दाबली की रक्त पुरेसे खेळत नाही, उबेसाठी हवा राहत नाही, आणि थंडीने पाय लाकडासारखे होतात. बूट सैल असला तर हवेचा धोका, घट्ट असला तर गारठ्याचा!

दुसऱ्या दुकानात मात्र एक म्हाताऱ्या बाई भेटल्या. त्यांनी नंबर विचारलाच नाही. "पाण्यात घालणार ते मोजे आणलेत का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग त्यांनी तिला कागदावर उभे करून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरविली. मला एकदम आमचा गल्लीतला चांभार आठवला. तोही अशीच रेघ ओढतो. बाई म्हणाल्या, नंबर लांबी सांगतो, रुंदी सांगत नाही. खरेच आहे. इंग्रजी नंबर एक-तृतीयांश इंचाने वाढतो, युरोपातला दोन-तृतीयांश सेंटिमीटरने. पण दोन्ही हिशेब लांबीचेच. आणि आमचे पाय म्हणजे चपलांत मोकळे वाढलेले! २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतातल्या, जन्मभर अनवाणी चालणाऱ्या लोकांची पावले बूट घालणाऱ्यांपेक्षा रुंद आढळली होती. भाचीच्या पावलाची रेघ पाहून मला त्यात नवल वाटले नाही.

बाईंनी तिला गुडघ्यांवर बसविले, चवड्यांवर उभे केले, टाच उचलते का पाहिले, बोटे हलवावयास लावली. सरतेशेवटी त्यांनी वेगळाच मार्ग सुचविला. पोशाखाला बुटाऐवजी नुसता जलाभेद्य मोजा असलेला ड्रायसूट घ्यावा, आणि त्यावर नाडीचा, घोट्याच्या वर येणारा स्वतंत्र बूट. मोजा पातळ, त्यामुळे आत हवेला फारशी जागा नाही. आणि नाडी घोट्याशी आवळली की पाय निसटत नाही. बोटांकडे मोकळीक, घोट्याशी आवळ! बूट ठरल्यावर मग त्याच्या मापाचे फिन. लोक उलट करतात, म्हणाल्या. आधी फिन घेतात आणि मग त्यात मावेल तो बूट शोधतात. आधी मोजा, मग बूट, मग फिन. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मी ऐकले होते. येथे मात्र पाय पाहूनच अंथरूण घ्यावयाचे होते.

चार दिवसांनी ती पुन्हा त्याच खाणीत उतरली. शिक्षकांनी तिला कमी खोलीवर मुद्दाम उलटे केले. गुडघे पोटाशी घ्यावयाचे, कोलांटी मारावयाची, पाय जोराने मारून सरळ व्हावयाचे आणि दंडावरची हवा सोडावयाची, असा तो सराव. मी काठावर चपलांत गारठत उभा होतो. चहा ओतला नव्हता. चाळीस मिनिटांनी पाण्यातून आधी डोके वर आले. दोन्ही फिन जागच्या जागी होते.

"मामा," ती ओरडली, "बोटं हलतायत! सगळी!"

मी परत आलो तो जून उजाडला होता. धाकट्या मुलीला शाळेचे बूट घ्यावयास गेलो. दुकानदाराने एक नंबर मोठा जोड काढला. "वाढता पाय आहे, साहेब," तो म्हणाला. मुलीने पाय घातला, माझ्याकडे पाहिले आणि समंजसपणे म्हणाली, "चालेल, बाबा."

मी तिला म्हणालो, "असं नको सांगू. चालून दाखव."

ती दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. टाच निघत होती. आम्ही दुसरा जोड मागितला.